अक्षर लागत नाही

'वाचाल तर वाचाल' हे घोषवाक्य महाराष्ट्रात कुठेही भेटतं. वाचनालयाच्या भिंतीवर, शाळेच्या फळ्यावर, दर १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या फलकावर. दोन क्रियापदं दिसायला आणि ऐकायला एकसारखी आहेत, एवढ्या भांडवलावर ते उभं आहे. पण निदान कागदावर तरी हे एकसारखेपण फार जुनं नाही. जुन्या छापील पुस्तकांत माणूस पुस्तक 'वाचत' असे आणि संकटातून 'वांचत' असे. 'तुझ्यावांचून' या शब्दावरही तोच अनुस्वार होता. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि दोघं जुळी भावंडं झाली. वास्तविक त्यांचं नातं नाही. पहिल्याचं मूळ 'वाच्' म्हणजे बोलणं. दुसऱ्याचं मूळ 'वंच्' म्हणजे चुकवणं, हुलकावणी देणं. वंचना आणि वंचित हे या दुसऱ्याचे सख्खे नातेवाईक. म्हणजे आपलं सगळ्यात लाडकं वाचनविषयक वाक्य एका लेखनसुधारणेवर तरलं आहे.

इंग्रजीत हा श्लेष करता येत नाही. तिथे 'रीड' आणि 'सर्व्हाइव्ह' यांचं दूरदूरचंही साम्य नाही. पण इंग्लंडमध्ये हे घोषवाक्य काही शतकं चक्क कायदा होतं.

१५९८ मध्ये नाटककार बेन जॉन्सनने गॅब्रिएल स्पेन्सर नावाच्या नटाला द्वंद्वात ठार मारलं. गुन्हा कबूल केला. शिक्षा फाशीची. पण जॉन्सनने 'बेनिफिट ऑफ क्लर्जी' मागितला. धर्मगुरूंवर राजाच्या न्यायालयाने खटला चालवायचा नाही, हा मध्ययुगातला दंडक. माणूस धर्मगुरू आहे हे ठरवायचं कसं, तर त्याला वाचता येतं का ते बघून. हळूहळू धर्मगुरू मागे पडला आणि नुसतं वाचता येणं उरलं. न्यायालयात बायबल पुढे धरत, आणि बहुधा ५१ व्या स्तोत्राची सुरुवात वाचायला सांगत, जिथे पापी माणूस देवाकडे दयेची याचना करतो. या ओळीला लोक 'नेक व्हर्स' म्हणत, म्हणजे गळा वाचवणारा श्लोक. जॉन्सनने तो वाचला. अंगठ्यावर डागणी घेऊन तो सुटला आणि पुढे बारा वर्षांनी त्याने 'द अल्केमिस्ट' लिहिलं. वाचला म्हणून वाचला.

या व्यवस्थेतली खोच उघड आहे. ओळ ठरलेली असल्यामुळे अक्षरशत्रू माणसंही ती पाठ करून जात. पुस्तकावर नजर ठेवायची आणि घडाघडा म्हणायचं. न्यायाधीशाला त्या माणसाला फासावर द्यायचंच असेल, तर त्याने पुस्तक दुसऱ्याच पानावर उघडायचं. पाठ केलेला श्लोक त्या पानावर लागू पडत नसे. १७०६ मध्ये ही वाचनाची अट काढून टाकण्यात आली.

वाचन म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्या न्यायालयात जितका नागडा होता तितका क्वचितच असतो. समोर दोन माणसं उभी आहेत. दोघांच्या तोंडून तेच शब्द येताहेत, तेही अचूक. एक वाचतोय आणि एक वाचत नाहीये. बाहेरून फरक दिसत नाही. तो दिसतो फक्त पान बदललं की. मला हा लेख त्या फरकाबद्दल लिहायचा आहे, आणि त्यासाठी 'रीड' या अगदी साध्या, पहिलीच्या मुलाला येणाऱ्या इंग्रजी क्रियापदाचा इतिहास कामाचा आहे.

सल्ला, अंदाज, कोडं

युरोपातल्या बहुतेक भाषांना वाचनासाठी शब्द शोधावा लागला, कारण वाचन ही बाहेरून आलेली गोष्ट. लॅटिनमधलं 'लेगेरे' म्हणजे मुळात वेचणं, गोळा करणं. जर्मन 'लेझन'चाही जुना अर्थ वेचणं हाच. अक्षरं एकेक करून वेचायची, द्राक्षं वेचावीत तशी. ग्रीकांचा शब्द 'पुन्हा ओळखणं' अशा अर्थाचा. गॉथिक भाषेत बायबल आणणाऱ्या वुल्फिलाने चौथ्या शतकात वाचण्यासाठी 'गाणं' या अर्थाचं क्रियापद वापरलं. अरबी 'करअ' आणि आपलं 'पठण' यांच्यात मोठ्याने म्हणणं आहे.

इंग्रजीने यातलं काहीच घेतलं नाही. जुन्या इंग्रजीत 'रॅडन' असं क्रियापद होतं. त्याचे अर्थ सल्ला देणं, विचारविनिमय करणं, अंदाज बांधणं, कोड्याचं उत्तर काढणं, स्वप्नाचा अर्थ सांगणं. हेच क्रियापद पुढे लिखित मजकुरालाही लागू झालं. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेड आपल्या प्रसिद्ध प्रस्तावनेत म्हणतो की स्वतंत्र घरातल्या, ऐपत असलेल्या तरुणांना इंग्रजी लिखाण वाचता आलं पाहिजे, तेव्हा तो याच घराण्यातला शब्द वापरतो. जर्मनमध्ये 'राटन' आजही सल्ला देणं आणि अंदाज करणं इथेच थांबलेलं आहे. तिथलं नगरभवन 'राटहाउस', म्हणजे सल्लामसलतीचं घर, आणि कोडं म्हणजे 'रेट्सेल'. वाचायला मात्र त्यांनी 'लेझन' ठेवलं. अंदाज करणाऱ्या क्रियापदाला पुस्तकाच्या रोजच्या कामाला जुंपून ते तिथेच ठेवलं, ते इंग्रजीने.

कोड्याचा इंग्रजी शब्द 'रिडल' हा याच क्रियापदाचा मुलगा. जुनं रूप 'रॅडेल्स'. शेवटचा 'स' अनेकवचनाचा आहे असं लोकांना वाटलं आणि त्यांनी तो कापून टाकला. एक्झेटरच्या कॅथीड्रलमध्ये दहाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्यात नव्वदच्या वर कोडी आहेत आणि उत्तर एकाचंही दिलेलं नाही. त्यातलं एक कोडं पुस्तकाच्या कसरीचं आहे. एका किड्याने शब्द खाल्ले, थोरामोठ्यांची वचनं अंधारात चोरून गिळली, आणि इतकं गिळूनही तो कणभर शहाणा झाला नाही, असा त्याचा आशय. वर्षाला शंभर पुस्तकांचा संकल्प सोडणाऱ्यांनी हे कोडं कधीतरी सोडवून बघावं.

इंग्रजीच्या स्कँडिनेव्हियन चुलत घराण्यातही हे क्रियापद आहे. त्याचा जुन्या नॉर्समधला उच्चार आपल्या 'राधा'च्या फार जवळ जातो. तिथे ते रून लिपीसाठी वापरत. रून 'वाचत' नसत, त्यांचा अर्थ काढत. स्वीडनमध्ये मेलारेन सरोवरातल्या एका बेटावर हिलेर्शो इथे अकराव्या शतकातला एक कोरीव खडक आहे. त्याची सुरुवातच या क्रियापदाच्या आज्ञार्थाने होते : बघ, अर्थ काढ. आणि मग एका बाईची हकिकत येते. गेरलोग नावाच्या मुलीचं गेरमुंडशी लग्न झालं, मुलगा झाला, नवरा बुडाला, मुलगा वारला. दुसरं लग्न झालं. त्या मुलांपैकी इंगा नावाची एक मुलगी तेवढी जगली. इंगाचंही लग्न झालं, तिचा नवरा गेला, मुलगा गेला, मुलाचं वित्त तिच्याकडे आलं. तिने दुसरं लग्न केलं आणि तीही वारली. शेवटी लेकीचा वारसा आईकडे आला.

ही कविता नाही, हा वारसाहक्काचा दाखला आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्याइतका कोरडा. त्या खडकापुढे उभ्या राहणाऱ्याने नुसती अक्षरं म्हणून दाखवून भागत नव्हतं. कोण कोणाच्या आधी मेलं आणि म्हणून जमीन कुठून कुठे गेली, हे त्याने लावायचं होतं. म्हणून पहिला शब्द आज्ञार्थ आहे. आणि तो कोरडा हिशेब एकदा लागला, की मागे एक म्हातारी दिसते, जिच्यापाशी सगळी मालमत्ता आहे आणि जिची पोटची माणसं एकामागून एक गेली आहेत. हे खडकावर कुठेही लिहिलेलं नाही.

चुकीचं वाचन

या क्रियापदाची खुद्द इंग्रजांनीच केलेली एक चूक प्रसिद्ध आहे. इंग्लंडच्या गादीवर ९७८ मध्ये एथेलरेड नावाचा राजा आला. नावाचा अर्थ 'थोर सल्ला'. डेन लोकांच्या हल्ल्यांपुढे त्याचं काही चाललं नाही, त्यांना त्याने पैसे देऊन परत पाठवलं, ते पुन्हा आले. त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने त्याच्या नावापुढे 'उनरॅड' असं टोपणनाव नोंदलेलं सापडतं. 'थोर सल्ला, वाईट सल्ला' अशी ती कोटी. पुढे 'रॅड'चा सल्ला हा अर्थ लोकांच्या जिभेवरून उतरला आणि टोपणनावाचं 'अनरेडी' झालं. आज शाळकरी मुलं त्याला 'तयारीत नसलेला एथेलरेड' म्हणून ओळखतात. 'रेडी' हा शब्द वेगळ्याच कुळातला. वाचन या क्रियापदाच्याच नातलगाला वाचण्यात चूक झाली आणि एका राजाचा स्वभाव बदलला. वाईट मंत्र्यांचं ऐकणारा राजा आणि बेसावध राजा यांत फरक आहे.

इथे आपल्याही घरातली एक गोष्ट सांगायला हवी. भाषाशास्त्रज्ञ 'रॅडन'चं नातं संस्कृतच्या 'राध्' धातूशी जोडतात. राध् म्हणजे सिद्धीस नेणं, साधणं, प्रसन्न करणं. आराधना त्यातलीच. आणि 'अपराध'ही. संस्कृतात ज्याचा बाण लक्ष्य सोडून जातो, त्या तिरंदाजाला 'अपराद्धेषु' म्हणतात. अपराध म्हणजे आधी नेम चुकणं, पाप आणि गुन्हा हे नंतरचे अर्थ. इंग्रज वाचतो तेव्हा आणि आपण आराधना करतो तेव्हा, फार मागे गेलं तर, धातू एकच. आणि वाचन चुकतं तेव्हा त्याला अपराध म्हणायला व्युत्पत्तीची हरकत नाही.

व्युत्पत्तीचा मोह मात्र इथे आवरायला हवा. शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. लंडनच्या आगगाडीत पेपर वाचणाऱ्याला एक्झेटरची कोडी आठवत नाहीत आणि राध् धातू तर नाहीच. तेव्हा मुळावरून आजच्या वापराबद्दल काही सिद्ध होत नाही. वापरच तपासायला हवा.

तो तपासला तर असं दिसतं, की अंदाजाचा अर्थ इंग्रजीत जिवंत आहे. इंग्रजीत हात 'रीड' करतात, चेहरा करतात, मन, आभाळ, वारा, समोरच्या फलंदाजाचा डाव, बैठकीतला रंग, सगळं 'रीड' करतात. मराठीत बघा. हात 'बघतात', पत्रिका 'बघतात', नाडी 'बघतात', मनातलं 'ओळखतात', डाव 'ओळखतात', आभाळाचा 'अंदाज घेतात'. चेहरा वाचणं, मन वाचणं हे आपल्याकडे अलीकडचं. वाचायचं ते पोथी, पेपर, पत्र, पंचांग. जिथे अक्षर नाही तिथे मराठी 'वाचणं' सहसा गेलं नाही, कारण त्याच्या पोटात बोलणं होतं, आणि अक्षराखेरीज बोलणार कोण?

इंग्रजीत या क्रियापदाची आणखी एक खोड आहे. नर्स थर्मामीटर 'रीड' करते आणि थर्मामीटरही अडतीस अंश 'रीड' करतो. वाचक पुस्तक वाचतो आणि पुस्तकही 'चांगलं वाचतं'. कर्ता आणि कर्म जागा बदलतात आणि क्रियापदाला त्याचं काही वाटत नाही. 'वेल-रेड' हे रूप कर्मणी, तरी ते पुस्तकाचं नव्हे, माणसाचं विशेषण. शिवाय वर्तमानकाळ आणि भूतकाळ एकाच पद्धतीने लिहायचे आणि वेगळे उच्चारायचे : 'रीड' आणि 'रेड'. जुन्या इंग्रजीतून येताना भूतकाळातला स्वर आखूड झाला, लेखन तसंच राहिलं. म्हणजे इंग्रजीत 'वाचणं' हा शब्द वाचण्यासाठीसुद्धा आजूबाजूचं वाक्य बघून अंदाज करावा लागतो.

याच्या उलट टोकाला मोठ्याने म्हणण्याचा अर्थही आहेच. संसदेत विधेयकाची तीन 'रीडिंग्ज' होतात, ती सभासदांच्या हातात छापील प्रती नसत आणि कारकून मजकूर वाचून दाखवी तेव्हापासूनची. आपल्या संसदेनेही ती घेतली. 'रायट अ‍ॅक्ट वाचणं' म्हणजे आज खडसावणं, पण १७१५ पासून अमलात आलेल्या त्या कायद्यात ते शब्दशः होतं. बारा किंवा अधिक माणसांचा जमाव जमला तर दंडाधिकाऱ्याने ठरलेली घोषणा मोठ्याने वाचायची, आणि तासाभरानंतरही पांगले नाहीत त्यांना देहान्ताची शिक्षा. इथे अर्थ लावायला जागाच नाही. शब्द जसेच्या तसे उच्चारले गेले की काम झालं.

एकाच क्रियापदात ही दोन टोकं आहेत. एका टोकाला नेक व्हर्स, दुसऱ्या टोकाला हिलेर्शोचा खडक. आणि आज मोबाइलवर निरोपापुढे दोन निळ्या खुणा उमटतात तेव्हा 'रीड' याचा अर्थ एवढाच, की निरोप उघडला गेला. पलीकडच्या माणसाला आपलं म्हणणं कळलं का, याबद्दल त्या खुणा काही सांगत नाहीत. तरी आपण त्यांच्यावर रुसतो, भांडतो. आपण तिसराच अर्थ धरून बसलेलो असतो.

डंकन वाचत नाही

हा फरक नाटकात उतरलेला बघायचा असेल, तर 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकातले चौथा, पाचवा आणि सहावा हे प्रवेश सलग बघावेत. चौथ्यात राजा डंकन एका सरदाराच्या विश्वासघाताबद्दल बोलतोय. चेहऱ्यावरून मनाची रचना ओळखायची विद्या नसते, असं तो म्हणतो, आणि नेमका त्या क्षणी मॅकबेथ आत येतो. राजा त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवतो.

पाचवा प्रवेश वाचनानेच सुरू होतो. लेडी मॅकबेथ नवऱ्याचं पत्र मोठ्याने वाचत येते. पत्रात चेटकिणींचं भाकीत आहे, मिळालेल्या नव्या पदाची बातमी आहे. खुनाचा उल्लेख नाही. पत्र संपतं आणि तिचं खरं वाचन सुरू होतं. पत्र लिहिणारा कसा आहे, त्याला काय हवंय, ते मिळवायला तो कुठे कच खाईल, हे ती त्या न लिहिलेल्या जागेतून काढते. नवरा येतो तेव्हा ती त्याला बजावते की तुझा चेहरा पुस्तकासारखा आहे, लोक त्यात भलतंच वाचतील. म्हणजे डंकन ज्याला अशक्य म्हणाला ते ही बाई पुढच्याच प्रवेशात करून दाखवते, आणि इतरांना ते करता येऊ नये म्हणून नवऱ्याला चेहरा झाकायला शिकवते.

सहाव्या प्रवेशात डंकन त्यांच्या किल्ल्यापाशी येतो आणि इथली हवा किती छान आहे म्हणतो. बरोबरचा बॅन्क्वो भिंतीवरच्या पक्ष्यांच्या घरट्यांकडे बोट दाखवतो. घरटी खरी आहेत, हवाही बहुधा खरंच छान असेल. प्रत्येक खूण नीट दिसली आहे. अर्थ तेवढा लागलेला नाही. त्याच रात्री राजा मरतो. 'वाचाल तर वाचाल'चं याहून कडक भाष्य मला माहीत नाही.

पण इथे थांबलं तर चुकीचा धडा निघेल. लेडी मॅकबेथ उत्तम वाचक आहे आणि तिचं वाचन तिलाही वाचवत नाही. तिने नवऱ्याची भीती ओळखली, स्वतःची ओळखली नाही. पाचव्या अंकात ती झोपेत चालते, हात चोळत राहते, आणि तिथे एक वैद्य आणि एक दासी उभे राहून तिला वाचत असतात.

उत्तर आधी, कोडं नंतर

समीक्षेच्या व्यवहारात 'अ रीडिंग' हे नाम विसाव्या शतकात रूढ झालं, त्यामागे आय. ए. रिचर्ड्सच्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या १९२९ च्या पुस्तकाचा मोठा हात आहे. रिचर्ड्सने केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि मतं लिहून मागितली. पुस्तकात अशा तेरा कविता आणि त्यांच्यावरच्या प्रतिक्रिया आहेत. पुष्कळांना कवितेचा साधा, सरळ अर्थच लागलेला नव्हता. रिचर्ड्सने वाचनातल्या दहा अडचणींची यादी केली, तिच्यात पहिली हीच. यातले बरेचसे विद्यार्थी विद्यापीठात इंग्रजी साहित्य 'रीड' करत होते, म्हणजे त्या विषयाची पदवी घेत होते.

रिचर्ड्सच्या यादीत तयार प्रतिक्रियांचीही अडचण आहे. कवितेतला एखादा शब्द दिसला की वाचकाच्या मनातला ठरलेला साठा उघडतो आणि कविता बाजूला राहते. ही नेक व्हर्सच. पान कुठलंही उघडा, श्लोक पाठ आहे.

गेल्या काही दशकांत आपल्या समीक्षेत 'वाचन' हा शब्द या इंग्रजी नामाचा प्रतिशब्द म्हणून आला. सूक्ष्म वाचन, पुनर्वाचन, स्त्रीवादी वाचन, वसाहतोत्तर वाचन. या सगळ्या दृष्टींनी आपल्याला पुष्कळ दिलं आहे, आणि त्यांच्यावाचून कित्येक जुनी पुस्तकं आज अर्धीच दिसली असती. माझी तक्रार त्या दृष्टींबद्दल नाही, क्रियापदाबद्दल आहे. इंग्रजीत 'अ रीडिंग' म्हणताना त्यातलं एकवचनी अनिश्चित उपपद एक कबुली देतं : हा एक अंदाज आहे, दुसराही असू शकतो, आणि माझा चुकूही शकतो. मराठीत 'स्त्रीवादी वाचन' म्हटलं की ते उपपद गळून पडतं. 'वाचन'ला आपल्या कानात पारायणाचा नाद आहे. पंचांगवाचन, अहवालवाचन, इतिवृत्ताचं वाचन. वाचन होतं, संपतं, मंजूर होतं. त्यामुळे विशेषण आधी ठरतं, पुस्तक नंतर येतं आणि निकाल पहिल्या परिच्छेदातच कळतो. लेखक पुरुषसत्ताक निघणार, मध्यमवर्गीय निघणार, नाहीतर बंडखोर निघणार. ज्या कोड्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे ते कोणी सोडवत नाही, म्हणून दाखवतात.

मजा अशी, की दारावर येणाऱ्या वीज कंपनीच्या माणसासाठी आपण मूळ शब्द जपून ठेवला आहे. तो मीटरचं 'रीडिंग' घेतो. कादंबरीचं मात्र आपण 'वाचन' करतो.

याचा अर्थ मराठीला हा अर्थ माहीत नव्हता असा नाही. तो दुसऱ्या क्रियापदात होता. संस्कृत शिकणारी जुनी पिढी श्लोक 'वाचत' नसे, 'लावत' असे. "हा चरण लागत नाही" असं म्हणत. अर्थ लावायचा, अन्वय लावायचा. आजही किचकट हस्ताक्षर पुढे आलं की आपण म्हणतो, "तुझं अक्षर मला लागत नाही." हिशेब लागतो, माग लागतो, छडा लागतो. मोडीचे जुने कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हे अंगवळणी असतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द एकमेकांना चिकटलेले, लेखणी न उचलता ओळ पळत गेलेली. तिथे संदर्भ धरून अंदाज करायचा, पुढचा शब्द बसतो का बघायचा, नाही बसला तर मागे यायचं.

'लावणं' या क्रियापदात अंदाजाइतकीच शिस्त आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. अंदाज म्हटलं की काहीही चालेल असं वाटू लागतं. प्रत्येकाचं आपलं वाचन, असा एक उदार निष्काळजीपणा सध्या पुष्कळ आहे. पण श्लोकाचा अन्वय लावताना एकही पद शिल्लक राहून चालत नाही. क्रियापद सापडलं, कर्ता सापडला, आणि कोपऱ्यात एक षष्ठी उरली, तर श्लोक लागलेला नाही. कोड्याचंही तेच. एक्झेटरच्या काही कोड्यांच्या उत्तरांवर अभ्यासक आजही भांडतात, पण भांडतात ते कुठल्या उत्तरात प्रत्येक खूण बसते यावरून. चार खुणांपैकी तीन बसल्या तर ते उत्तर नव्हे. समीक्षेला ही कसोटी लावली तर बरीच दमदार वाचनं कोसळतील, कारण त्यांनी सोयीची तीन पानं घेतली आणि अडचणीचं चौथं वगळलं. नेम तिथे चुकला.

आणि 'लागणं'मध्ये आणखी एक सोय आहे, जी 'वाचणं'मध्ये नाही. "मला हे पुस्तक लागलं नाही" असं म्हणता येतं. "मी ते वाचलं नाही" ही लाजेची कबुली आहे. "वाचलं, आवडलं नाही" हा निकाल आहे. "वाचलं, पण लागलं नाही" ही तिसरी जागा आहे, आणि परीक्षणांच्या जगात ती जवळपास रिकामी असते. परीक्षण लिहायला बसलेल्या माणसाला ती कमीपणाची वाटते. मलाही वाटते. लागलेल्या तीन पानांवर पंधराशे शब्द लिहून न लागलेल्या भागाला 'कथनाची काहीशी विस्कळीत रचना' असं नाव देऊन मी मोकळा झालेलो आहे. विस्कळीत काय होतं, कादंबरी की माझं वाचन, हे मी तपासलं नव्हतं. दोन वर्षांनी तीच कादंबरी दुसऱ्या कारणाने उघडली तेव्हा मधला एक भाग अचानक लागला आणि सगळी रचना जागेवर बसली. छापून गेलेलं परीक्षण मात्र तसंच राहिलं.

'वाचणं'वर मी अन्याय करतोय असं वाटू नये म्हणून शेवटी त्याच्याही मुळाकडे जातो. मराठी 'वाचणं' नुसत्या बोलण्यावरून आलेलं नाही. ते संस्कृतच्या प्रयोजक रूपावरून, 'वाचयति'वरून आलं. त्याचा अर्थ बोलायला लावतो. म्हणजे 'लावणं' तिथेही होतंच. पुस्तक गप्प असतं, त्याला बोलतं करायचं हे वाचकाचं काम. पण बोलायला लावणं आणि आपलं म्हणणं त्याच्या तोंडी घालणं यांत फार थोडं अंतर आहे. ते अंतर राखलं की नाही हे ओळखायचा उपाय त्या जुन्या न्यायालयातलाच. न्यायाधीशाची वाट बघायची गरज नाही. पुस्तक आपणच दुसऱ्या पानावर उघडायचं.